अंगणातली मोटार, टाकीतली आग

पाऊस परतीच्या वाटेला लागला की गोव्यातल्या घराघरांत साफसफाईचे वारे वाहू लागतात. परसातले गवत कापले जाते, माटोळीच्या वासांवरची जळमटे निघतात, आणि दिवाळीपूर्वी एकदा अंगण मोकळे करावे असे घरातल्या कर्त्या माणसाला वाटू लागते. अशा वेळी त्याची नजर हटकून जाते ती अंगणाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या बंद मोटारीकडे. कुणाचा मुलगा आखातात गेला, कुणाचे कुटुंब लिस्बनला वा लंडनला स्थायिक झाले, कुणाच्या वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी त्यांच्या माघारी कुणी चालवलीच नाही. चाकांतली हवा जाते, काचेवर शेवाळ धरते, सीटखाली मांजरी वितात. मोटार मेली असे आपण मानतो. परंतु तिच्या पोटातले पेट्रोल मेलेले नसते, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानातून निसटते. आज अग्रलेखाच्या जागी आम्ही हा विषय घेत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण राजकारणाच्या धुरळ्यात ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि ज्यात माणसाचा जीव मात्र जाऊ शकतो, अशा गोष्टीवर लिहिणे हेही वृत्तपत्राचे काम आहे असे आम्ही मानतो.

निमित्त घडले ते असे. गेल्या पंधरवड्यात आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका गॅरेजात एक जुनी मोटार ओढून आणली होती. भंगारात घालण्यापूर्वी तिच्यातले पेट्रोल काढून घ्यायचे होते. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा रबरी नळीचे एक टोक टाकीत आणि दुसरे तोंडात धरून गाल आत ओढीत होता. पेट्रोल आले, पोराने नळी झटकन प्लास्टिकच्या बाटलीत सोडली, दोनदा थुंकला, तीनदा खोकला आणि डोळे पुसून पुन्हा कामाला लागला. आम्ही विचारले, "अरे, पोटात गेले असते तर?" तो हसून म्हणाला, "जातंच की थोडं. वर केळं खातो." चार पावलांवर त्याचा मेस्त्री विडी शिलगावीत होता. त्या हसण्याने आम्हांला जितके अस्वस्थ केले, तितके अलीकडे कोणत्याही मंत्र्याच्या भाषणाने केलेले नाही.

त्या पोराला आणि त्याच्या मेस्त्रीला जे कुणी सांगितले नाही, ते प्रथम सांगितले पाहिजे. पेट्रोल हे रॉकेल नव्हे, डिझेलही नव्हे. शून्याखाली सुमारे चाळीस अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही त्यातून पेट घेण्याजोगी वाफ निघत असते. मग आपल्या उन्हातल्या अंगणाची कथा काय सांगावी? पेटते ती ही वाफ. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर जाऊन विरत नाही; जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, उतार दिसेल तिकडे सरकते, गटारात आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात इतके झाले की एक ठिणगी पुरे होते. म्हणजे मोटार अंगणात आणि चूल मागच्या न्हाणीत असली, तरी वाफ ती वाट चालून जाऊ शकते, आणि ज्वाळा त्याच वाटेने परत येऊ शकते. तुळशीवृंदावनातली सांजवात, देवघरातली समई, न्हाणीतली पेटती चूल, स्वयंपाकघरातली शेगडी आणि पाहुण्याच्या हातातली सिगारेट यांपैकी कोणतीही एक गोष्ट त्या ठिणगीचे काम करू शकते.

आता तोंडाने नळी ओढण्याच्या प्रकाराविषयी. हा प्रकार इतका रूढ आहे की तो गॅरेजातल्या विद्येचाच भाग मानला जातो. पेट्रोल पोटात गेल्याने होणारा अपाय आहेच. पण त्याहून मोठा धोका ते फुप्फुसात जाण्याचा असतो. पेट्रोल अत्यंत पातळ असल्यामुळे एखादा घोट चुकून श्वासनलिकेत उतरला तर ते फुप्फुसाच्या आतल्या पडद्यावर पसरते आणि भयंकर दाह उत्पन्न करते. हा दाह काही तासांनीही उफाळून येऊ शकतो. म्हणूनच पेट्रोल गिळलेल्या माणसाला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला लावणे, हा आपल्याकडचा घरगुती उपाय रोगापेक्षा वाईट आहे. कारण ओकताना तेच पेट्रोल दुसऱ्यांदा श्वासनलिकेपाशी येते. केळे, गूळ वा दूध यांनी काही साधत नाही. तोंड पाण्याने धुवावे, ओकारी काढू नये, आणि विशेषतः खोकला सुरू झाला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्याला तडक इस्पितळात न्यावे. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. रोज थोडे थोडे हुंगणाऱ्या आणि गिळणाऱ्या त्या पोराचे हसणे आम्हांला का अस्वस्थ करून गेले, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

मग बंद मोटारीतले पेट्रोल काढूच नये काय? उलट, ते काढलेच पाहिजे. वर्षानुवर्षे टाकीत पडलेले पेट्रोल ही ठेव नव्हे, नासाडी आहे. त्यातला हलका, सहज पेटणारा अंश उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट गाळ धरतो आणि नळ्या तुंबतात. त्यातच आता पेट्रोलचे रूपही बदलले आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ साली देशाने मिश्रणाचे ते प्रमाण गाठले. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा टाकीत शिरते, इथेनॉल तिच्यातले पाणी शोषून घेते, आणि ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. तोच थर लोखंडी टाकीला आतून खातो. एके दिवशी ती टाकी गळू लागते, तेव्हा घरातल्यांना त्याचा वास येईलच असे नाही. आपला जांभा दगड चाळणीसारखा सच्छिद्र. अंगणात झिरपलेले पेट्रोल शेजारच्या विहिरीची वाट धरू शकते. ज्या विहिरीने तीन पिढ्यांना पाणी पाजले, ती एका भंगार मोटारीपायी नासावी याहून दुर्दैव कोणते?

तेव्हा प्रश्न काढावे की नाही हा नसून कसे काढावे हा आहे. उत्तम मार्ग एकच: ज्याला या कामाचे ज्ञान आहे अशा माणसाकडून योग्य साधनांनी ते करवून घ्यावे. तथापि वाचकांना काम नीट चालले आहे की नाही हे ओळखता यावे, म्हणून त्याची रीत येथे सांगणे इष्ट ठरेल. काम घरात, पडवीत वा बंद गॅरेजात नव्हे, उघड्यावर करावे. वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची असावी. विजा कडाडत असताना किंवा दिवेलागणीला हे काम नको. गाडी पूर्ण थंड असावी. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी, म्हणजे नंतर ठिणगीला वाव उरत नाही. आसपासच्या चुली विझवाव्यात, मुलांना आणि गुराढोरांना दूर ठेवावे. अंगावर सुती कपडे असावेत, कारण नायलॉन व टेरिलीन यांच्या घर्षणाने वीज साचते. झाकण एकदम न उघडता हळूहळू फिरवावे, म्हणजे आत कोंडलेली वाफ सावकाश निघून जाते.

नळीला तोंड न लावता हाताने दाबायचा रबरी फुगा असलेला पंप वापरावा. तो सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो आणि त्याची किंमत इस्पितळातल्या एका दिवसाहून खचितच कमी असते. पेट्रोलसाठी न बनवलेला विजेचा पंप या कामी लावू नये. त्याच्या मोटारीतल्या ठिणग्या पुरेशा असतात. भांडे घट्ट झाकणाचे, धातूचे असावे आणि ते टाकीपेक्षा खालच्या पातळीवर, थेट जमिनीवर ठेवावे. गाडीच्या डिकीत, सतरंजीवर किंवा प्लास्टिकच्या पाटावर ठेवलेल्या डब्यात वाहत्या पेट्रोलमुळे उत्पन्न होणारी वीज साचून राहते. जमिनीवर ठेवल्यास ती निघून जाते. नळीचे टोक भांड्याच्या तळापर्यंत पोचवावे, पेट्रोल उंचावरून धार धरून सोडू नये, आणि भांडे काठोकाठ भरू नये, कारण उन्हाने पेट्रोल फुगते. हाताशी कोरड्या रासायनिक पावडरीचे अग्निशामक नळकांडे आणि रेतीने भरलेल्या बादल्या असाव्यात. पाण्याची बादली मात्र येथे शत्रूचे काम करते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पेटत्या स्थितीत पाण्यावर तरंगत दूरवर जाते. आग हाताबाहेर जात आहे असे दिसताच शौर्य न दाखवता बाजूला व्हावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे.

नव्या मोटारींची गोष्ट आणखी निराळी. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या टाकीच्या तोंडाशी झडप वा जाळी असल्यामुळे नळी आत जातच नाही. तेव्हा बळजबरीने तार खुपसणे, किंवा टाकीला खालून खिळा मारून वा भोक पाडून पेट्रोल सोडणे, हा शुद्ध आत्मघात होय. अशा गाडीतले पेट्रोल इंधनाच्या नळीवाटे काढावे लागते, आणि त्या नळीत दाब असतो. तो आधी कमी करण्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. हे काम जाणत्या मेकॅनिकचेच आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे वाटते. टाकी रिकामी झाली की धोका टळला, असे सर्वांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. भरल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की हवेअभावी तिला सहसा आतल्या आत पेटता येत नाही. रिकाम्या टाकीत वाफही असते आणि हवाही शिरलेली असते; पेट घ्यायला हवे तेच प्रमाण तेथे जमून येते. म्हणून भंगारवाल्याने नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीवर गॅस कटर चालवणे किंवा कुणी तिला वेल्डिंगची ठिणगी दाखवणे म्हणजे बॉम्बवर घण घालणे होय. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या वाड्यावाड्यांतून नरकासुर मिरवतात, पहाटे त्यांना अग्नी दिला जातो, फटाक्यांचे निखारे वाळल्या गवतावर पडतात. त्या गवतात उघड्या तोंडाची एखादी टाकी पडलेली असेल तर काय होईल, याची कल्पना प्रत्येक मंडळाने आजच करावी.

काढलेल्या पेट्रोलचे पुढे काय? ते काचेच्या लहान बरणीत घेऊन पाहिले असता स्वच्छ दिसले, दोन थर पडले नाहीत, रंग काळवंडला नाही आणि वास आंबटसर आला नाही, तर मेकॅनिकच्या सल्ल्याने चालू वाहनात घालता येईल. संशय आला तर मोह सोडावा. चार लिटर वाचवण्यापायी चांगल्या गाडीचे इंजिन पणाला लावण्यात शहाणपण नाही. ते साठवण्यालाही मर्यादा आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याच्या आठव्या कलमान्वये, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्यावाचून ३० लिटरपर्यंत बाळगता येते, आणि तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. काचेचे वा चिनी मातीसारखे पक्के भांडे असल्यास ते एक लिटरपेक्षा आणि धातूचे असल्यास २५ लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. त्या यादीत शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीचे नाव नाही, हे लक्षात घ्यावे. आणि अशी बाटली घरात राहिली तर ती पाण्याची समजून एखादे लेकरू तोंडाला लावील, हा धोका वेगळाच.

परंतु खराब पेट्रोल कुठे द्यायचे, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्या पंचायतींपाशी नाही, आणि येथे आमचा शासनाशी वाद सुरू होतो. व्हाळात ओतू नका, गटारात सोडू नका, कचऱ्याबरोबर जाळू नका, असे सांगणे सोपे आहे. नागरिकाने ते न्यावे कुठे? वाहने रीतसर मोडीत काढण्याच्या केंद्रांविषयीचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरणविषयक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. वाहन मोडण्यापूर्वी त्यातले इंधन, तेल व अन्य द्रव पदार्थ सुरक्षितपणे काढून घेणे हे या व्यवस्थेत केंद्राचेच काम आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण काणकोणच्या वा सत्तरीच्या खेड्यातल्या माणसाच्या अंगणातली न हलणारी मोटार या व्यवस्थेपर्यंत पोचायची कशी? तो जवळच्या भंगारवाल्याला हाक मारतो, भंगारवाला एका पोराला नळी देतो, आणि नियमावली सचिवालयाच्या कपाटात सुखरूप राहते.

शासनाने दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःचे अंगण पाहावे, असेही आम्ही सुचवू. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. पोलीस ठाण्यांच्या आवारांत जप्त वाहनांच्या रांगा पावसात गंजत उभ्या असतात, हे तर वाटसरूलाही दिसते. मुद्देमालाची छायाचित्रे व यादी करून खटला चालू असतानाच त्याची विल्हेवाट लावण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. सार्वजनिक जागी बेवारस सोडलेले वाहन हलवण्याचा अधिकार १९८८च्या मोटार वाहन कायद्याने पोलिसांना दिला आहे. कायदे पुष्कळ आहेत; उणीव आहे ती उठून काम करणाऱ्या माणसाची.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक तालुक्यात वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीपूर्वी, अग्निशमन दल, वाहतूक खाते व पंचायती यांनी मिळून बंद वाहनांतील इंधन काढून घेण्याची मोहीम चालवावी. खराब पेट्रोल स्वीकारणारे एक ठिकाण प्रत्येक तालुक्यात नेमून त्याचा पत्ता पंचायतीच्या फलकावर लावावा. गॅरेजांना व्यवसाय परवाना देताना हातपंप, धातूचे डबे आणि अग्निशामक नळकांडे यांची अट घालावी आणि ती पाळली जाते की नाही हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या पोराकडे लक्ष द्यावे. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगारविषयक कायद्याने चौदा ते अठरा वयाच्या मुलांना ज्वालाग्राही पदार्थांच्या कामास लावण्यास मनाई केली आहे. ती मनाई गॅरेजाच्या दारात येऊन थबकते, कारण पोरगा "शिकतो आहे" असे मेस्त्री सांगतो आणि आपण सारे ते ऐकून घेतो.

आमच्यावर आक्षेप येईल की गरिबाघरचे पोर गॅरेजात चार पैसे मिळवते, कला शिकते, तुम्ही तेही बंद करणार काय? आम्हांला मेस्त्रीच्या विद्येविषयी आदर आहे. पोर्तुगीज अमदानीतल्या परदेशी मोटारी आणि नंतरच्या अँबॅसिडर व फियाट सुट्या भागांच्या टंचाईतही ज्यांनी चालत्या ठेवल्या, ते आमचे मेस्त्री कुणाही पदवीधर अभियंत्याच्या पंक्तीला बसण्याजोगे आहेत. परंतु विद्या वेगळी आणि वाईट खोड वेगळी. गुरूने तोंडाने पेट्रोल ओढले म्हणून शिष्यानेही ओढावे, ही परंपरा नव्हे. पान्हा धरायला शिकवा, इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवा. नळी मात्र त्या पोराच्या तोंडातून काढून त्याच्या हातात पंप द्या. त्याने पोराची रोजी जात नाही, त्याचे आयुष्य वाचते.

१९६१ साली हा प्रदेश मुक्त झाला, तेव्हा ज्यांनी त्यासाठी तुरुंग भोगले त्यांच्या मनात स्वातंत्र्याचा अर्थ केवळ झेंडा बदलण्यापुरता नव्हता. सामान्यातल्या सामान्य माणसाच्या जिवाला किंमत यावी, हा तो अर्थ होता. भर रस्त्यात एक पोरगा पेट्रोल गिळतो, पन्नास माणसे ते पाहत पुढे जातात आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नाही, तोवर तो अर्थ आपल्याला उमगला असे म्हणता येणार नाही. सरकारने आपले काम करावेच. पण वाचकांनो, येत्या रविवारी आपल्या अंगणातल्या त्या मुक्या मोटारीभोवती एकदा फिरून पाहा. झाकण घट्ट आहे का, खाली ओल दिसते का, वास येतो का, हे तपासा. संशय आला तर जाणत्या माणसाला बोलवा, आणि तो नळी तोंडाला लावू लागला तर त्याचा हात धरा. त्या कामाचे चार पैसे अधिक मोजावे लागले तर खुशाल मोजा. आमच्या कचेरीजवळच्या त्या गॅरेजात आम्ही काल एक हातपंप पाठवून दिला. पोराने तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा तसाच हसला. या वेळी मात्र त्याच्या तोंडाला पेट्रोलचा वास नव्हता.